दुसरी उमेदवारी

सरकारी नोकरीत उभे आयुष्य घालविलेल्या मनुष्याला एक खोड जडते. आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर तो स्वतःच्या ठायी शोधीत नाही. टेबलावरच्या लाकडी पाटीवर ते त्याला रोज सकाळी आयते वाचावयास मिळते, आणि वर्षानुवर्षे वाचून ते इतके अंगवळणी पडते, की आपले नाव आधीचे की हुद्दा आधीचा, याचाही त्याला विसर पडावा. पुढे वयाच्या ५८ व्या वर्षी नियमाप्रमाणे पाटी उतरते, हारतुरे होतात, कोणी वरिष्ठ अधिकारी आपल्याविषयी आपल्यालाच ठाऊक नसलेल्या गुणांची यादी वाचून दाखवितो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या घटकेला हजेरीपटावर सही करावयाची नेमकी त्याच घटकेला, हा मनुष्य दिवाणखान्यात एकच वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा चाळीत बसलेला असतो. अशा मनुष्याने यापुढे काय करावे, याविषयी आपल्या समाजाची कल्पना ठरलेली आहे: तीर्थयात्रा, नातवंडे, ज्येष्ठ नागरिक संघ, आणि गृहरचना संस्थेत चिटणिसाचे पद. यांपैकी शेवटचे वगळता कशालाही माझी ना नव्हती. तथापि या साऱ्यांत काम असे कोठेच नव्हते, आणि कामावाचून दिवस कसा मोजावा हे मला कोणी शिकविलेले नव्हते.

मोजणे हाच माझा धंदा. खाते भूमि अभिलेखाचे; लोकांच्या तोंडी मोजणीचे. भूकरमापक म्हणून लागलो, निमतानदार झालो, आणि तालुक्याच्या कचेरीचा प्रमुख म्हणून बाहेर पडलो. ज्यांना या खात्याशी काम पडले नाही असे भाग्यवान वाचक विरळाच असतील. परंतु त्या खात्याचा पाया केवढा जुना आहे हे फारसे कोणास ठाऊक नसते. पेशवाई बुडाल्यावर दहाएक वर्षांतच प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी केली, ती आकारणी जड झाल्यामुळे फसली, कुळांनी गावे सोडली, आणि मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या दोघांनी जी पद्धत बसविली ती १८४७ च्या जॉइंट रिपोर्टाने कायम होऊन मुंबई इलाखाभर पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आज सातबाराच्या उताऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असोत. बांधावर उभा असलेला शेतकरी गुंठ्यातच बोलतो, गुंठ्यातच भांडतो, आणि गुंठ्यासाठीच सख्ख्या भावाविरुद्ध दिवाणी न्यायालयाची पायरी चढतो.

माझ्या कारकिर्दीत साखळी गेली आणि फीत आली, प्लेन टेबल गेले आणि इलेक्ट्रॉनिक यंत्र आले, आणि शेवटी शेवटी तर उपग्रहाकडून आपला ठाव विचारून घेणारे रोव्हर यंत्र हाती धरलेली कोवळी पोरे ज्या कामाला आम्हांस दोन दिवस लागत ते दोन तासांत उरकू लागली. प्रत्येक वेळी नवे शिकावे लागले, आणि ते मी शिकलो. परंतु यापैकी कशालाही ‘नव्याने आरंभ करणे’ असे म्हणण्याचा मला अधिकार नाही; कारण यंत्र बदलले तरी खुर्ची तीच होती, आणि शिकविणारा वयाने व हुद्द्याने खालचा असल्यामुळे तो शिकवितानादेखील उभा असे. मनुष्य नव्या विद्येला भितो असे आपण म्हणतो. माझा अनुभव निराळा आहे. विद्या कितीही अवघड असो, तिच्यापायी आपली ज्येष्ठता सोडावी लागत नसेल तर ती कोणीही मुकाट्याने पदरात पाडून घेतो.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात लोखंडी मांडण्यांवर जुनी टिपणे, प्रतिबुके आणि कसर लागलेल्या वह्या असत, आणि त्यांतील कितीतरी मोडीत असत. वादाचे प्रकरण फार मागे गेले, की कोणीतरी तो गठ्ठा काढी, त्यावरची धूळ झटकी, आणि आम्ही सारे त्या पानाकडे पाहात राहू. शाळांतून मोडी शिकविणे विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बंद पडले. त्यामुळे वाचणारा असे तो फार तर कोणी सेवानिवृत्त अव्वल कारकून, चष्म्याच्या जाड भिंगातून डोकावणारा, चहा घेऊन आणि थोडे आढेवेढे घेऊन मग वाचणारा. त्याने वाचून दाखविलेले आम्ही टिपून घेऊ. ज्या कागदांच्या जिवावर माझे खाते उभे होते, ते मी आयुष्यभर उचलले, मोजले, बांधले, शिक्का मारून न्यायालयात रुजू केले. वाचले मात्र नाहीत. नोकरीत असताना याची मला खंत वाटली असे म्हटले तर ते खोटे होईल. कचेरीत ज्याचे काम त्याने करावे असा शिरस्ता असतो, आणि शिरस्ता हे अज्ञानाचे मोठे सोयीस्कर वस्त्र आहे.

मोडी शिकण्याचा विचार निवृत्तीनंतरच्या त्या रिकाम्या सकाळींनी दिला. राज्याचे पुराभिलेख संचालनालय अधूनमधून मोडीचे वर्ग भरविते, इतरत्रही भरतात. अशाच एका वर्गात मी नाव घातले. शिकविणारी बाई इतिहासाची पदवीधर, माझ्या मुलीहून लहान. मी तिला ‘बाई’ म्हणे, ती मला ‘काका’. आसपास बसलेल्यांत दोन महाविद्यालयीन विद्यार्थी, एक वकील, आपल्या घराण्याची मूळ वाडी कोठली याच्या शोधात असलेले एक गृहस्थ, आणि केवळ अक्षरे सुंदर म्हणून आलेली एक चित्रकार मुलगी. पूर्वी कचेरीत कायम होण्याआधी माणसाला बिनपगारी उमेदवारी करावी लागे. कोपऱ्यात बसून नकला उतरवावयाच्या, दौती भरावयाच्या, आणि वरिष्ठाने हाक मारली की उठावयाचे. तशी ती माझी दुसरी उमेदवारी. आणि पहिल्या उमेदवारीत जे बळ असते, म्हणजे आपण पुढे मोठे होऊ ही आशा, तेवढे हिच्यात नव्हते.

मोडीविषयी लोकांच्या मनात एक गूढ असते, ते अनाठायी आहे. ती गुप्त लिपी नव्हे, घाईची लिपी आहे. लिहिणारा प्रथम पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघा ओढून घेई, आणि मग बोरू शक्य तितका न उचलता दोरीवर धुणे टाकावे तशी अक्षरे त्या रेघेखाली टाकीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही, ही गोष्ट शुद्धलेखनाच्या धास्तीत वाढलेल्या माझ्या पिढीला मोठी दिलासा देणारी वाटली. अक्षर एकटे असता एक रूप, काना लागताच दुसरे; आणि त्यातही चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणे. पेशवाईतला बोरूचा कागद पुष्कळदा डौलदार आणि वाचावयास सुखाचा असतो. इंग्रजी अमदानीत टाक आला, कामाचा बोजा वाढला, आणि कारकुनाचा हात इतका धावू लागला, की जवळचा कागद दूरच्या कागदाहून दुर्बोध झाला. काळाने जवळचे तेच अधिक वाचनीय असावे ही समजूत मोडी पहिल्या महिन्यातच मोडून काढते.

तारखांचे प्रकरण तर निराळेच. सुहूर सन हा अरबी संख्याशब्दांत लिहिलेला, तोही एककापासून सुरू होणारा: ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. हे वर्ष मृगाच्या सूर्याबरोबर, जूनच्या आरंभी लागते. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवावयाचे, आणि जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे वर्ष १७७३ च्या जूनमध्ये लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. परंतु कागद पाहावा तर तो कोठल्यातरी मौजे अमुक येथील विहिरीच्या पाळ्यांचा. राज्य कोणाचेही राहो, पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यावे हे ठरवावेच लागते. आणि अशा कागदांना राजकारणाची वार्ता नसते, हे मला का कोण जाणे, फार बरे वाटले.

वर्गात माझ्या जुन्या धंद्याचा मला उपयोग होईल असे सर्वांना वाटे, मलाही वाटे. तो झालाही, परंतु उपद्रवासकट. बाईंचा एक नियम होता, आणि तो त्या विशेषतः वकिलांना व मला ऐकवीत: “काका, आधी अक्षर वाचा, मग अर्थ लावा.” जिला विषय मुळीच ठाऊक नाही ती चित्रकार मुलगी अक्षरामागून अक्षर निमूटपणे सोडवी, आणि ज्याला जमिनीच्या दस्तऐवजात पुढे कोणता शब्द येणार हे उभ्या आयुष्याच्या सवयीने आधीच ऐकू येते, त्याचा डोळा कागदावर पोहोचण्यापूर्वी मन तेथे जाऊन बसलेले असते. अनुभवी मनुष्याचे सारे कौशल्य म्हणजे काय पाहावयाचे नाही हे ठाऊक असणे. मोजणीदार शेतात गेला तर त्याला पीक दिसत नाही, झाडावरचा पक्षी दिसत नाही, बांधाच्या कडेला जेवावयास बसलेली माणसे दिसत नाहीत. त्याला फक्त हद्दीच्या खुणा दिसतात, आणि म्हणूनच त्याचे काम वेगाने होते. नव्या धंद्यात ही गाळणी निरुपयोगी ठरते. तेथे सगळेच पाहावे लागते, कारण कोणते टाकाऊ हे कळण्याइतके आपण शहाणे झालेलो नसतो. आणि उतारवयातल्या उमेदवाराला जो शीण येतो तो शरीराचा कमी आणि या अखंड पाहण्याचा अधिक असतो, असे माझे मत आहे.

अशा वेळी मनुष्य थोरांच्या चरित्रांत आधार शोधतो, मीही शोधला. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या राजसेवेत १८८९ पासून १९२५ पर्यंत होते. तेथून मोकळे झाल्यावर कामशेतला येऊन राहिले, आणि साठी उलटून गेल्यावर पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अल्प मुदतीत त्यांच्या देखरेखीखाली बाहेर पडले. इंग्रजीतला तीन खंडांचा मराठ्यांचा इतिहास तर ऐंशी उलटल्यावरचा. श्रीपाद दामोदर सातवळेकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, हैदराबादेस व लाहोरास चित्रकार आणि छायाचित्रकार म्हणून नाव मिळविलेले. ते पन्नाशीच्या सुमारास औंधास आले, स्वाध्याय मंडळाच्या कामात बुडाले, आणि पुढे पारडीस जाऊन शंभरी ओलांडून १९६८ साली वारले तेव्हा लोक त्यांना ओळखीत होते ते वेदांचे भाष्यकार म्हणून. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ मध्ये चाळिशी ओलांडल्यावर व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले, आणि पुढल्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ उभे राहिले.

या तिघांच्या गोष्टी सांगताना चरित्रकार एक सोय करून घेतात: ते म्हणतात, बीज मूळचेच होते. सरदेसायांनी रियासतीचा आरंभ बडोद्यात नोकरी सांभाळूनच केला होता. सातवळेकरांच्या घरात वेदाध्ययन पिढीजात. लागू विद्यार्थिदशेपासून नाटकात. हे सारे खरे आहे, आणि एका अर्थी दिलासा देणारेही आहे. दुसरा धंदा बहुधा परमुलखातला नसतो, तो पहिल्याच घराच्या मागच्या खोलीत निजलेला असतो, हे माझ्याही बाबतीत खरे ठरले. परंतु शेवटाकडून पाहिले म्हणजे प्रत्येक वाट सरळ दिसते. बीज कोणात नसते? माझ्या कचेरीत एक शिपाई उत्तम भजन गाई, एक कारकून घड्याळे दुरुस्त करी. दोघेही निवृत्त झाले आणि दोघांनीही ते वाढविले नाही. तेव्हा बीजापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचे कुतूहल वाटते. ज्या शल्यविशारदाच्या शब्दाला शस्त्रक्रियागृहात प्रतिशब्द नाही, तो तालमीत दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून एकच वाक्य पुन्हा म्हणतो. ज्याच्या चित्रांना संस्थानिकांच्या वाड्यात मान आहे, तो मनुष्य ग्रंथ घेऊन पंडितांच्या दारी जातो, आणि पंडित त्याला चित्रकार समजतात. ज्ञान कोणी टाकीत नाही. ते अंगाबरोबर येतेच. टाकावी लागते ती पत.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या या उमेदवारीखाली निवृत्तिवेतनाची भक्कम बैठक होती. दरमहा पहिल्या आठवड्यात खात्यावर रक्कम जमा होणाऱ्या मनुष्याने नव्या आरंभाचे गोडवे गावेत, यात पुरुषार्थ थोडा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणीसंप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले, आणि पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा ज्यांनी आयुष्यभर साचा चालविला त्यांना कोणी विचारले नाही की तुमच्यात दुसरे कोणते बीज आहे. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी पहारेकरी झाला, कोणी सातारा-रत्नागिरीकडच्या गावी परतून वाटणीच्या तुकड्यावर राबू लागला. त्या तुकड्यांपैकी काही माझ्याच साखळीखालून गेले आहेत. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यांचेही तेच झाले. एक-एक टाईप चिमटीने उचलून उलट्या अक्षरांत ओळ बांधणारा आणि ती सुलट वाचणारा कसबी मनुष्य संगणक आल्यावर काही महिन्यांत बिनकामाचा ठरला. या लोकांनीही पुष्कळदा नवे काम निगुतीने शिकून घेतले; परंतु ढकलले जाणे आणि पाऊल टाकणे यांना एकच नाव देण्याची अलीकडची रीत मला पसंत नाही.

पुन्हा माझ्या कागदांकडे येतो. जुन्या धंद्यातून काय बरोबर आले, याचा मी बराच काळ चुकीच्या जागी शोध घेत होतो, म्हणजे शब्दांत. बिघा, पांड, चावर हे शब्द मला ऐकून ठाऊक होते. वीस काठ्यांच्या चौरसाचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर हे कोष्टकही पाठ होते. त्याचा लाभ बेताचाच. खरा लाभ झाला तो मोजणीतल्या संशयी वृत्तीचा. मोजणीदार चारी बाजू मोजून थांबत नाही. तो एक आडवी रेषा जादा मोजतो, आणि ती नकाशावरच्या अंतराशी जुळली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवतो. मोडीतला जमाखर्चाचा कागद घ्यावा. पाव, निम्मे, पाऊण दाखविणाऱ्या उभ्या रेघा शाईच्या डागांत मिसळून गेलेल्या असतात, आकडा तीन की सहा ते ठरत नाही. परंतु खाली कारकुनाने बेरीज मांडलेली असते. वाचलेल्या रकमा त्या बेरजेला मिळाल्या तर वाचन खरे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कोणा अज्ञात कारकुनाने माझ्यासाठी तपासणीची रेषा ओढून ठेवली आहे, हे प्रथम ध्यानात आले त्या दिवशी मी जेवणाची हाक ऐकूनही उठलो नाही, आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले ते या निबंधाच्या कक्षेबाहेरचे आहे.

पुढे कामे येऊ लागली. प्रथम ओळखीतून, मग वकिलांकडून. आणि २०२३ च्या हिवाळ्यात तर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम चालू असताना कुणबी नोंदींचा शोध गावोगाव सुरू झाला, कोतवाल बुके आणि शाळांचे दाखलनोंदीचे रजिस्टर जिल्ह्याजिल्ह्यांत बाहेर निघाले, आणि मोडी वाचणारा इसम, ज्याची कालपर्यंत कोणी विचारपूस केली नव्हती, तो एकाएकी दुर्मीळ वस्तू होऊन बसला. त्या दिवसांत माझ्या दारी आलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवर जी उत्कंठा असे, ती मी मोजणीच्या दिवशी बांधावर नेहमी पाहिली होती. फरक माझ्या बाजूला होता. कचेरीत असताना माझ्या सहीने ‘क’ प्रत निघे; ती मान्य नसेल त्याने निमताना मोजणी मागावी, तीही मान्य नसेल तर आणखी वर जावे; परंतु तोवर माझी रेषा ही रेषा असे, कारण तिच्यामागे सरकार उभे असे. आता माझ्या लिप्यंतराखाली सही असते आणि तिच्यामागे कोणीही नसते. विरुद्ध पक्षाचा वकील मला उलटतपासणीत विचारू शकतो, की हे अक्षर ‘न’ कशावरून. आणि ते मला कागदावरच दाखवून द्यावे लागते. हुद्द्याच्या जोरावर बरोबर असणे आणि पुराव्याच्या जोरावर बरोबर असणे यांतले अंतर मी नोकरीत कधी मोजले नव्हते. मला दुसरे अधिक अवघड जाते आणि अधिक आवडते.

फीचे मात्र अजून जमत नाही. पगार हा ठरलेला असतो, त्यात आपले मोल आपण सांगावयाचे नसते. येथे प्रत्येक कागदाला तोंड उघडून आकडा सांगावा लागतो, आणि सांगताना मला अजूनही आपण काही गैरवाजवी मागतो आहोत असे वाटते. माझ्या मुलाचे म्हणणे असे, की मी फार कमी घेतो. अशिलांचे म्हणणे अर्थातच उलट.

गेल्या पावसाळ्यात मुळशीकडचा एक शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेला कागद घेऊन आला. आजोबांच्या पेटीत निघाला, म्हणाला. आणि ही आपल्या घराण्याच्या इनामाची सनद आहे, तिच्या आधारे भाऊबंदांकडची जमीन सुटेल, याची त्याला पुरी खात्री होती. कागद इंग्रजी अमदानीतला, टाकाने लिहिलेला, अक्षर धावते. मी वाचावयास बसलो, आणि निम्म्यावर आल्यावरच दिसून आले, की ते गहाणखत आहे: त्याच्याच पणजाने तीच जमीन त्याच भाऊबंदांच्या पूर्वजाकडे रोख रक्कम घेऊन लावून दिली होती. मी कचेरीत असतो तर त्याला अर्ज करावयास सांगून पुढल्या टेबलाकडे धाडला असता. येथे पुढले टेबल नव्हते. मी सारा कागद सावकाश वाचून दाखविला, रक्कम, चतुःसीमा, साक्षीदार, सर्व. तो बराच वेळ पानाकडे पाहात राहिला आणि मग म्हणाला, “साहेब, अक्षर लई खराब हाय. आनखी कुनाला दाखवून बघू का?” अवश्य दाखवा, असे म्हणून मी माझ्या बाईंचा पत्ता त्याला चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठी खिशात घालून तो दारापर्यंत गेला, परत फिरला, आणि त्या बाई कागदाला किती घेतात, तुमच्यापेक्षा कमी घेतात का, याची त्याने चौकशी केली.